कड्याच्या बाजूचा पहारा: सुखाच्या दिवसांत जागं कसं राहायचं

माझ्या बायबलमधली लाल फीत एका वर्षी ईस्टरपासून दिवाळीपर्यंत एकाच पानावर होती. यिर्मया, अध्याय २. संकट कुठलंच आलं नव्हतं. उलट त्या वर्षी नोकरीत कायम झालो, फ्लॅटचा ताबा मिळाला, आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन नीट पार पडलं. दर रविवारी उपासनेला जात होतो, फळ्यावर गायनांचे नंबर लावत होतो, वर्गणीही वेळेवर देत होतो. बाहेरून बघणाऱ्याला काहीच बदललेलं दिसलं नसतं. मलाही दिसलं नाही. दिवाळीच्या साफसफाईत धूळ पुसताना आईनं पुस्तक उघडलं, तर त्या पानावर फितीचा रंग उतरला होता. ती एवढंच म्हणाली, "अरे, ही इथंच चिकटलीय की."

त्याच अध्यायात देव म्हणतो, माझ्या लोकांनी जिवंत पाण्याचा झरा सोडला आणि गळक्या टाक्या खोदल्या. पान बरोबर होतं, वाचणारा जागेवर नव्हता.

विश्वासात नव्याने आलेले, किंवा जन्मानं ख्रिस्ती असले तरी आता पहिल्यांदाच स्वतःच्या जबाबदारीवर श्रद्धा जगू पाहणारे, अशांसाठी हे लिहितोय. सगळं बरं चाललेलं असताना प्रार्थना नेमकी कशासाठी करायची, हा प्रश्न ज्यांना पडतो आणि विचारायची लाज वाटते, त्यांच्यासाठी विशेषतः. ज्यांच्या घरात आज आजारपण आहे, किंवा ज्यांच्या मंडळीला खरोखरच त्रास होतोय, त्यांनी हे बाजूला ठेवलं तरी चालेल. त्यांना जागं राहा म्हणून सांगावं लागत नाही.

आधी एका किल्ल्याची गोष्ट

प्रकटीकरणाच्या तिसऱ्या अध्यायात सार्दीसच्या मंडळीला पत्र आहे. जिवंत म्हणून तुझं नाव आहे, पण तू मेलेला आहेस. जागृत हो, नाहीतर मी चोरासारखा येईन. आपण हे वाचतो, मान हलवतो आणि पुढं जातो. सार्दीसच्या माणसाला मात्र ते वाक्य झोंबलं असणार, कारण त्याच्या गावाचा इतिहासच तो होता.

हे शहर आजच्या पश्चिम तुर्कस्तानात होतं, अवशेष अजून आहेत. वर उभ्या कड्यांचा डोंगरी किल्ला. इ.स.पू. सहाव्या शतकात तिथं क्रोएसस राज्य करत होता, ज्याच्या श्रीमंतीच्या कहाण्या ग्रीक लोक सांगत. इराणच्या सायरसनं वेढा घातला. ग्रीक इतिहासकार हेरोडोटस लिहितो की किल्ल्यावरच्या एका शिपायाचं शिरस्त्राण घरंगळत खाली गेलं, तर तो कड्यावरून खाली उतरला, ते उचललं आणि परत वर चढला. खालून सायरसचा एक सैनिक हे बघत होता. त्या बाजूला पहारा नव्हता. कडा इतका सरळ, की तिथून कोण येणार? दुसऱ्या दिवशी तिथूनच आले.

याहून लाजिरवाणी गोष्ट म्हणजे साधारण सव्वातीनशे वर्षांनी तेच पुन्हा घडलं. सेल्युसिड राजा तिसऱ्या अँटिओकसच्या वेढ्यात लागोरस नावाच्या क्रीटच्या माणसानं पाहिलं, की तटाच्या एका भागावर गिधाडं निवांत बसलेली असतात. खाली मेलेली जनावरं टाकायची जागा होती. पक्षी बसतात त्याअर्थी तिथं माणूस नाही, हे त्यानं ताडलं. रात्री शिड्या लावल्या आणि शहर पडलं.

मी सुखातल्या जागेपणाचा विचार करतो तेव्हा मला पेत्राच्या पत्रातला गर्जणारा सिंह आठवत नाही, ती गिधाडं आठवतात. जिथं आपण म्हणतो, "इथं मला काही धोका नाही," नेमकी तीच बाजू रिकामी असते. म्हणून पुढच्या सगळ्या पायऱ्यांचा रोख एकच आहे: आपली पहारा नसलेली बाजू शोधायची आणि तिथं रोज थोडा वेळ कुणीतरी उभं राहील अशी व्यवस्था करायची.

पायरी १: सात दिवस नुसती नोंद

लगेच काही बदलू नका. एक साधी वही घ्या, दुधाच्या हिशोबाची असते तशी. आठवडाभर रोज रात्री तीन ओळी लिहा. आज सकाळी उठल्यावर हातात पहिलं काय आलं. आज मोकळा वेळ मिळाला तो कुठं गेला. आज देवाची आठवण आपणहून कधी झाली, जेवणाआधीचे ठरलेले शब्द सोडून.

यात पाप शोधायचं नाही. नव्या माणसांचं इथंच चुकतं. ते दारू, शिवीगाळ, लाच असल्या ठळक गोष्टी तपासतात, त्या नसतात, म्हणून वही बंद करतात. दावीदाची गोष्ट वाचा, २ शमुवेल ११. दुसऱ्याच्या बायकोचं, बथशेबेचं प्रकरण सगळ्यांना ठाऊक असतं, पण अध्यायाची पहिली ओळ कुणाच्या लक्षात राहत नाही: राजे लढाईला निघतात त्या दिवसांत दावीदानं सेनापती यवाबाला पाठवलं आणि स्वतः यरुशलेमेत राहिला. दुसऱ्या ओळीत तो संध्याकाळी पलंगावरून उठून गच्चीवर फेऱ्या मारतोय. इथपर्यंत पाप काहीच नाही. दुपारी झोपणं पाप नाही, गच्चीवर जाणंही नाही. शौल राजापासून जीव वाचवत गुहांतून लपणारा दावीद असा निवांत कधी नव्हता, आणि तेव्हा तो असा घसरलाही नाही.

वहीत लिहायचं ते हेच. माझी गच्ची कुठली? माझी निघाली रात्रीच्या जेवणानंतरची सोफ्यावरचा दीड तास. माझ्या एका मित्राची निघाली ऑफिसची कॅब. कुणाची रविवारची दुपार निघेल.

पायरी २: एक छोटा पहारा ठरवा, आणि छोटाच ठेवा

मार्काच्या तेराव्या अध्यायाच्या शेवटी प्रभू येशू घरधन्याच्या येण्याच्या चार वेळा सांगतो: संध्याकाळ, मध्यरात्र, कोंबडा आरवण्याची वेळ, पहाट. रोमी पहाऱ्याचे हे चार प्रहर. एकच शिपाई चारही प्रहर उभा राहत नसे, पाळ्या असत. नव्या विश्वासणाऱ्याचा उत्साह मात्र चारही प्रहरांचा असतो. पहाटे चारला उठणार, तासभर प्रार्थना करणार, वर्षात बायबल संपवणार. तिसऱ्या आठवड्यात लेवीयच्या अध्यायांत तो अडकतो आणि अपराधी वाटून सगळंच सोडतो.

पंधरा मिनिटं पुरे. जागा एकच, वेळ एकच. मी काय करतो ते सांगतो. फोनचा चार्जर स्वयंपाकघरात, मिक्सरच्या शेजारी. रात्री फोन तिथं झोपतो. गजरासाठी जुनं टेबलावरचं घड्याळ आणलं. सकाळी उठून चहा ठेवतो, आणि चहा उकळून गाळेपर्यंत फोनला हात लावत नाही. मग बाल्कनीच्या दाराशी खुर्ची, त्या खुर्चीत एक स्तोत्र आणि मार्कातला अर्धा अध्याय. मार्काचे अध्याय सोळा, म्हणजे साधारण महिन्यात शुभवर्तमान संपतं. स्तोत्रं दीडशे, रोज एक धरलं तर पाच महिने. ११९ वं स्तोत्र आलं की त्याचे तुकडे करा, ते एका बैठकीचं नाही.

मोठ्यानं वाचा. हे फार महत्त्वाचं. मनात वाचताना डोळा घसरतो, तोंडानं वाचताना घसरत नाही. आमच्याकडं जुन्या घरात आजोबा पडवीत मोठ्यानं वाचायचे, आणि शेजारच्या गोठ्यातल्या म्हशीलासुद्धा योहानाचा पहिला अध्याय पाठ असेल असं आजी म्हणायची.

वाचून झालं की प्रार्थना. सुखात मागण्यांची यादी लवकर संपते, म्हणून प्रार्थना लहान होत जाते. उपाय सोपा आहे: मागण्याऐवजी आभारानं सुरुवात करा, पण नाव घेऊन. "सर्व आशीर्वादांबद्दल आभार" या वाक्यात पहारेकरी झोपतो. "काल लिफ्ट बंद असताना आईला चार मजले चढता आले, त्याबद्दल आभार" असं म्हणायला जागं असावं लागतं.

पायरी ३: रात्रीची दोन मिनिटं

सोळाव्या शतकात कॅथलिक संत इग्नेशियस लोयोलानं आपल्या साथीदारांना दिवसातून दोनदा स्वतःची झडती घ्यायला शिकवलं. मी प्रॉटेस्टंट मंडळीतला, पण चांगली सवय कुठूनही घ्यावी. दिवे बंद करायच्या आधी दिवस उलटा आठवा, संध्याकाळकडून सकाळकडे. कुठं देवाच्या जवळ होतो? कुठं नकळत लांब गेलो? एखादी जागा दिसली की तिथं थांबा, क्षमा मागा, झोपा. लांबण लावू नका.

इथं एक धोक्याची सूचना. काही लोकांचा स्वभावच स्वतःला कोरत बसण्याचा असतो. झडतीमुळं झोप उडत असेल, छातीत धडधडत असेल, क्षमा मागूनही तेच तेच मनात फिरत असेल, तर ही पायरी सोडा आणि पाळकांशी बोला. फरक पडला नाही तर डॉक्टरांशीही बोला. पहारेकऱ्यालाही झोप लागतेच, आणि ती लागावी.

पायरी ४: पैसा

यावर थोडा जास्त वेळ घालवतो, कारण आपल्या मंडळ्यांमध्ये यावर बोलणं म्हणजे दशमांशाची आठवण करून देणं, एवढंच उरलंय.

अनुवादाच्या आठव्या अध्यायात मोशे लोकांना सांगतो, की खाऊन तृप्त व्हाल, चांगली घरं बांधाल, गुरंढोरं आणि सोनंरुपं वाढेल, तेव्हा सांभाळा. आपल्याच हातांच्या बळानं हे मिळवलं असं मनात म्हणू नका. रानातल्या चाळीस वर्षांबद्दल तो इतका काळजीत नाही. रानात मान्ना, म्हणजे देवानं दिलेलं अन्न, सकाळी पडायचा, विसरायची सोय नव्हती.

सार्दीसच्या पत्रानंतर फिलदेल्फियाला पत्र आहे आणि शेवटचं लावदिकीयाला. इ.स. ६० मध्ये तिथं मोठा भूकंप झाला, आणि रोमच्या मदतीशिवाय त्या शहरानं स्वतःला पुन्हा उभं केलं, असं रोमन इतिहासकार टॅसिटस नोंदवतो. आपल्याला वाटतं, केवढा स्वाभिमान! त्याच शहरातल्या मंडळीला पत्रात म्हटलंय: मी श्रीमंत आहे, मला कशाची गरज नाही, असं तू म्हणतोस. शेजारच्या हिरापोलीसला गरम पाण्याचे झरे, कलस्सैला थंड पाणी. लावदिकीयाला पाणी नळांतून यायचं, आणि त्या दगडी नळांत चुन्याचे थर साचलेले आजही दिसतात. आमच्या सोसायटीत टँकरच्या पाण्यानं गीझरचं कॉइल पांढरं होतं, तेव्हा मला दरवेळी लावदिकीया आठवते. नळ फुटत नाही. आतून बुजत जातो, आणि पाणी येत असतं म्हणून कुणाला कळत नाही.

करायचं काय? पगार जमा झाल्यावर उरलेल्यातून देऊ नका, आधी काढा. किती, ते तुम्ही आणि तुमचं घर ठरवा. नवीन माणसानं कुणाच्या दबावाखाली आकडा ठरवू नये. आणि दुसरं म्हणजे देण्याला हाताची सवय लावा. मिझोरमच्या ख्रिस्ती घरांत शंभरहून अधिक वर्षांची रीत आहे: स्वयंपाकाला तांदूळ घेताना बाई त्यातली एक मूठ वेगळ्या भांड्यात टाकते, आणि तो तांदूळ मंडळीच्या कामाला जातो. पाहिलं तर एक मूठ. पण दिवसातून दोन वेळा, चुलीसमोर उभं राहून, हे अन्न आपलं नाही याची ती खूण आहे. आम्ही घरी एक बरणी ठेवलीय, तांदळाची नाही, तूरडाळीची. महिनाअखेरीस ती वस्तीतल्या एका घरी जाते. पहिल्या महिन्यात मी तीनदा विसरलो. आईनं एकदाही नाही.

पायरी ५: उपास, पण बेतानं

दिदाखे या अगदी सुरुवातीच्या ख्रिस्ती लिखाणात बुधवार आणि शुक्रवार हे उपासाचे दिवस सांगितलेत. तुम्ही शुक्रवारचं एक जेवण सोडून सुरुवात करा. साबुदाण्याची खिचडी खाऊन केलेला उपास हा आपला खास मराठी विनोद आहे, तो इथं चालवू नका. पाणी, फार तर ताक. त्या वेळात जेवायला लागला असता तेवढा वेळ प्रार्थनेला द्या. मधुमेह, गरोदरपण, चालू औषधं असतील तर जेवण सोडू नका, दुसरं काही सोडा: क्रिकेट, सिरीयल, फोनवरची खरेदी. लेंटच्या, म्हणजे ईस्टरआधीच्या उपासकाळाच्या, चाळीस दिवसांत हे सगळ्यांबरोबर करणं सोपं जातं, म्हणून पहिल्यांदा तेव्हा करून बघा.

उपासानं देव जास्त ऐकतो असं नाही. आपल्याला भूक लागते आणि आपण किती चिडचिडे आहोत ते कळतं, एवढं मात्र नक्की होतं.

पायरी ६: एक माणूस

एकट्यानं पहारा होत नाही. अटकेच्या रात्री गेथशेमाने बागेत खुद्द प्रभूनं तिघांना सोबत घेतलं आणि माझ्याबरोबर जागे राहा म्हणून विनवलं. ते झोपले, पण त्यानं मागितलं होतं.

१७४२ मध्ये इंग्लंडच्या ब्रिस्टलमध्ये मेथोडिस्ट चळवळीचे प्रणेते जॉन वेस्ली यांच्या अनुयायांवर प्रार्थनागृहाचं कर्ज होतं. ठरलं, की प्रत्येकानं आठवड्याला एक पेनी द्यायची, आणि साधारण बारा जणांमागं एकानं घरोघर जाऊन ती गोळा करायची. गोळा करायला गेलेल्यांना दारातच दिसू लागलं, की कुणाचं घरात भांडण आहे, कुणी पुन्हा प्यायला लागलंय. वेस्लींनी ओळखलं, की पेनीपेक्षा ती भेट मोलाची. त्यातून आठवड्याच्या छोट्या बैठका उभ्या राहिल्या.

तुम्हाला बारा लोक नकोत. एक पुरे. पुरुषानं पुरुष, बाईनं बाई शोधावी. वयानं थोडा पुढचा, तोंडाचा घट्ट, आणि तुमच्यावर इम्प्रेस न होणारा. पंधरा दिवसांतून एकदा भेटा, चहा प्या आणि एकमेकांना खरा प्रश्न विचारा. माझे गृहस्थ निवृत्त शिक्षक आहेत. गेटपाशीच "सलाम" म्हणतात, आणि पुढचं वाक्य ठरलेलं, "बोला, कुठं झोपलात?" मी पहिल्या वेळी उत्तर दिलं, "नाही सर, सगळं ठीक आहे." ते म्हणाले, "मग चहा घेऊ आणि जाऊ." दुसऱ्या वेळी मी खरं बोललो.

मंडळीचा व्हॉट्सॲप ग्रुप याच्या जागी चालत नाही. तिथं रोज सकाळी फुलाच्या चित्रावर वचन येतं, आपण हात जोडल्याची खूण टाकतो, आणि दोघांनाही वाटतं की जागे आहोत.

पायरी ७: जिथं सुख नाही तिथं जा

पंडिता रमाबाईंचं उदाहरण मी नेहमी देतो. पुण्यात विधवांसाठीचं त्यांचं शारदा सदन चाललं होतं, केडगावला जमीन घेतलेली होती. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या उठून मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी मुलीबायकांना घेऊन आल्या. आई-वडील आणि बहीण त्यांनी तरुणपणीच दुष्काळाच्या दिवसांत गमावले होते, त्यामुळं भूक त्यांना ऐकून माहीत नव्हती. आधीची संस्था सांभाळत बसल्या असत्या तर कुणी नाव ठेवलं नसतं.

आपण रमाबाई नाही. महिन्यातून एक शनिवार ठरवा. सरकारी दवाखान्याचा सामान्य वॉर्ड, मंडळीतली अंथरुणाला खिळलेली आजी, वृद्धाश्रम. फोटो काढू नका. उपदेश करू नका. विचारल्याशिवाय प्रार्थनाही करू नका. बसा, पाण्याचा तांब्या भरून द्या, ऐका. घरी आल्यावर तुमची स्वतःची प्रार्थना बदललेली असेल, पाहा.

काय जागेपणा नाही

नव्या लोकांना बाहेरून बरंच काही चिकटवलं जातं, म्हणून हे सांगून टाकतो. शेजाऱ्यांच्या घरी कोणता सण चाललाय यावर नजर ठेवणं म्हणजे जागेपणा नव्हे. जगाच्या अंताची तारीख सांगणारे व्हिडिओ पुढं ढकलणं तर मुळीच नव्हे; तो दिवस आणि ती घटका कुणाला ठाऊक नाही, हे प्रभूनंच सांगितलंय. दुसऱ्या मंडळीत काय चुकतंय याची यादी ठेवणंही नव्हे.

या शेवटच्या गोष्टीचा इतिहासात दाखला आहे. इ.स. २६० मध्ये सम्राट गॅलिएनसनं छळ थांबवला, आणि पुढं चाळीसेक वर्षं रोमी साम्राज्यातल्या ख्रिस्ती लोकांना शांतता मिळाली. मंडळ्या वाढल्या, जुन्या इमारती पुरेनात, नव्या बांधल्या. ३०३ मध्ये सम्राट डायोक्लेशियननं पुन्हा छळ सुरू केला. तो काळ पाहिलेल्या, मंडळीचा इतिहास लिहिणाऱ्या युसेबियसनं लिहिताना आधी सम्राटाला दोष दिला नाही. त्यानं लिहिलं, की मोकळीक मिळाली तसे आपण सुस्तावलो, एकमेकांचा हेवा करू लागलो, पुढारी पुढाऱ्यांवर तुटून पडले. त्यांचा सगळा पहारा एकमेकांवर होता.

चुकलं तर

चुकणारच. पहिल्या महिन्यात पंधरा दिवस सलग जमेल, मग पाहुणे येतील, गावी जत्रेला जाल, ताप येईल, आणि आठ दिवस खुर्ची रिकामी राहील. राहिलेली स्तोत्रं भरून काढायला बसू नका, त्यानं पुन्हा खंड पडतो. आजच्या तारखेचं स्तोत्र काढा आणि वाचा. पंधराची दहा मिनिटं करायची असतील तर करा, वेळ बदलायची असेल तर बदला. नर्सच्या रात्रपाळीला पहाट नसते, तिनं घरी येऊन चप्पल काढल्यावर करावं. तीन महिन्यांनी वही पुन्हा आठवडाभर भरा. तुमची गच्ची तोवर हललेली असेल. माझी सोफ्यावरून उठून सकाळच्या वर्तमानपत्रात गेली होती, हे मला दुसऱ्या वहीत कळलं.

फितीचं सांगायचं राहिलं. आईनं त्या दिवशी ती ओल्या फडक्यानं सोडवली आणि पुढच्या पानावर ठेवून दिली. यिर्मयातला तो लाल डाग काही गेला नाही.